परवानगी घेतलेलं नागपूर

एकदा सकाळी मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होते. शेजारचे गुणवंतराव ठोंबरे दूध घेऊन घरी चालले होते, ते थांबले. चपला बाजूला काढल्या, उकिडवे बसले, रांगोळी चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "वहिनी, हा नमुना कोणाचा जी?"

"माझ्या आत्याचा. वर्ध्याची आत्या होती ना, तिचा."

"तिले इचारलं होतं काय?"

"अहो, आत्या जाऊन अकरा वर्षं झाली."

गुणवंतराव विचारात पडले. दुधाचं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाले, "तिच्या पोराले एक कार्ड टाकून द्या. आपल्या मनाले बरं राह्यते."

आता सांगायला संकोच वाटतो, पण मी खरंच कार्ड टाकलं. आत्तेभावाचं उत्तरही आलं. त्याने लिहिलं होतं, आईला एवढी रांगोळी येत होती हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, जमलं तर एक काढून पाठव. मी वहीच्या कागदावर काढून पाठवली. खाली कोपऱ्यात, गुणवंतरावांनी सांगितलं तसं, "आधार: आत्या" असं लिहिलं.

तर असे हे गुणवंतराव. नकाशांच्या सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. म्हणजे साहेबाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने तशीच्या तशी रेघ उतरवून घ्यायची. तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. उजव्या हाताच्या बोटावर शाईचा डाग होता, तो रिटायर झाल्यावरही गेला नाही. दुसऱ्याच्या रेघेवरून आपली रेघ न्यायची, यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण जगातली कुठलीही वस्तू पाहिली की ती मुळात कोणाची, हाच प्रश्न त्यांना पडायचा. त्यांच्या घरी चिवड्याच्या डब्यावर चिठ्ठी होती, "आधार: मोठी वहिनी, भिवापूर. तोंडी परवानगी." मी एकदा त्यांच्या बायकोच्या, कमलताईंच्या स्वेटरचं कौतुक केलं, तर कमलताई हसून म्हणाल्या, "विणीचं नाव नका घेऊ वं बाई. हे आता कागद काढतीन."

आमचे हे त्यांची फार थट्टा करायचे. "गुणवंतराव, तुम्ही श्वास घेता तो कोणाला विचारून घेता?" गुणवंतराव रागावत नसत. एकदा मात्र त्यांनी शांतपणे कारण सांगितलं. नोकरीत नवीन असताना घाई होती म्हणून बाजूच्या टेबलावरचा नकाशा त्यांनी न विचारता उचलला आणि त्यावरून ट्रेस केला. तो नकाशा कच्चा होता. त्यात एक विहीर बांधाच्या या बाजूला होती, प्रत्यक्षात ती त्या बाजूला होती. गुणवंतरावांच्या सुंदर शाईत ती चूक पक्की झाली आणि गावातले दोन भाऊ त्या विहिरीवरून सात वर्षं कोर्टात भांडले.

"मले मेमो भेटला, त्याचं काही नाई," ते म्हणाले. "पण मी इचारलं असतं त त्यानं सांगितलं असतं न, की बाप्पा, हा नको घेऊ, याच्यात विहीर चुकली हाय. ज्याचं हाय त्यालेच माहीत राह्यते, त्याच्यात काय चुकलं ते."

त्यानंतर थोडे दिवस आमच्या ह्यांची थट्टा बंद होती.

ही गोष्ट आहे सत्तर-बहात्तरच्या सुमाराची. दिवाळीच्या सुट्टीत आमची पोरं ओट्यावर सापशिडी खेळत होती. गुणवंतराव आणि कमलताई बाहेरून आले. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण कमलताईंना खेळांची भारी हौस. कवड्या तर अशा टाकायच्या की मागाल ते दान. त्या पोरांमध्ये बसल्या, दोन डाव खेळल्या आणि दोन्ही जिंकल्या. गुणवंतराव उभ्या उभ्या पाहत होते. कमलताईंच्या हाताकडे पाहत होते, हे मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "वहिनी, मी खेळ बनवून राहिलो. नागपूरचा. नकाशावर खेळायचा. टेशन, बर्डी, इतवारी, जरीपटका, कोठूनबी निघायचं अन् कवड्या टाकत घरी पोचायचं."

मला वाटलं, रिटायर माणूस, वेळ जात नसेल. पोरांसाठी काहीतरी करताहेत. म्हटलं, करा की. तेव्हा मला काय ठाऊक, की एका पुठ्ठ्याच्या खेळासाठी हा माणूस चार महिने रडकुंडीला येणार आहे.

पहिला प्रश्न, खालचा नकाशा कोणाचा घ्यायचा?

आमचे हे म्हणाले, "तुमच्या ऑफिसात ढीग पडले असतील."

"ते सरकारचे. उचलून आणले त चोरी होते. अर्ज करतो."

अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, प्रयोजन. त्यात लोक लिहायचे, खरेदीखत, बांधकाम, कोर्ट. गुणवंतरावांनी लिहिलं, "खेळणे." अर्ज परत आला. त्यावर कोणीतरी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली होती आणि पुढे प्रश्नचिन्ह. आपल्याच जुन्या ऑफिसातून असा कागद आल्यावर गुणवंतरावांचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, "दुसरं काहीतरी लिहायचं होतं. बांधकाम लिहायचं."

"काहून? मी कुठं बांधून राहिलो?"

मग त्यांनी बाजारातून शहराचा छापील नकाशा आणला. दुकानात टांगलेले असतात तसला, रंगीत. तो टेबलावर पसरला, त्यावर पारदर्शक कागद ठेवला, चार कोपऱ्यांना चार वजनं ठेवली, पेन शाईत बुडवलं आणि तिथेच थांबले. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, सर्व हक्क सुरक्षित.

पेनाची शाई वाळली. दोन दिवस तो कागद तसाच पडून होता. कमलताईंनी त्यावर जेवणाची ताटं ठेवू का विचारलं, तेव्हा गुंडाळून ठेवला.

आमचे हे वैतागले. "अहो, घरात बसून खेळणार. पाहायला कोण येणार आहे?"

"कोणी पाहायले येत नाई, म्हणून त इचारा लागते. कोणी येत असतं त त्यानंच टोकलं असतं."

त्यांनी नकाशा छापणाऱ्याला पत्र लिहिलं. रजिस्टर, पोचपावतीसह. मग वाट पाहणं सुरू झालं. पोस्टमनची सायकल गल्लीत शिरली की गुणवंतराव ओट्यावर. पोस्टमन लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. रात्रीची झोप उडाल्यासारखे डोळे झाले होते. मला नवल वाटायचं, एका खेळासाठी एवढं? महिन्याने एक जाड पाकीट आलं. आत त्या छापणाऱ्याच्या सगळ्या नकाशांची यादी होती, आणि "आपल्या मागणीबद्दल आभारी आहोत."

गुणवंतरावांनी ती यादी मागून पुढून वाचली. "याच्यात हो कोठं हाय?" त्यांनी मला विचारलं. "वहिनी, तुमी पाहा बरं. माह्यं चुकत असन."

कुठेच नव्हतं. मी चहा टाकला.

शेवटी कोपऱ्यावरच्या वकिलांनी मार्ग दाखवला. ते म्हणाले, "गुणवंतराव, रस्ता कोणाच्या बापाचा नसतो. त्या माणसाने काढलेली रेघ मात्र त्याची असते. तुम्ही असा नकाशा शोधा की जो छापून पन्नास वर्षं होऊन गेली. सरकारी असेल तर उत्तम. त्याच्यावरचा हक्क संपलेला असतो, तो सगळ्यांचा. आणि त्यानंतर जे नवीन रस्ते झाले, ते स्वतः पायाने मोजून काढा. तुमचे पाय तुमचेच आहेत ना?"

"हो जी," गुणवंतराव म्हणाले. तरी ते वकिलांनी कागदावर लिहून दिलं तेव्हाच ते उठले.

इतवारीतल्या रद्दीवाल्याकडे तसा नकाशा सापडलाही. इंग्रजी अमदानीतला, घडीवर फाटलेला. गुणवंतराव तो घेऊन धावतच आमच्याकडे आले. मी इतकं आनंदात त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही तो पाटावर पसरला. महाल सापडला, तलाव सापडला. मग त्यांचं बोट आमच्या गल्लीकडे निघालं आणि जिथे आम्ही बसलो होतो तिथे येऊन थांबलं. तिथे काहीच नव्हतं. शेत होतं. नुसता हिरवा रंग.

"आपलं घर नाई याच्यात," ते म्हणाले.

"नसणारच. तेव्हा कुठे होतं?"

"पण घर नाई त नकाशा काय कामाचा?" त्यांचा आवाज असा काही फुटला की मी चमकून पाहिलं. ते नकाशाची घडी घालत होते. म्हणाले, "मोजा लागन. पायानं मोजा लागन."

तेव्हापासून दर सकाळी दोघं नवरा-बायको मोजायला निघू लागले. गुणवंतरावांच्या उजव्या खिशात चिंचोके. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशात जायचा. कमलताई एक पाऊल पुढे. प्रत्येक वळणावर गुणवंतराव थांबायचे आणि विचारायचे, "आता कोण्या बाजूनं?" कमलताई सांगायच्या, इकडून. मग ते वहीत लिहायचे.

गल्लीभर हसं झालं. बत्तीस वर्षं नकाशे काढले आणि आता हा माणूस बायकोला रस्ता विचारतो. मीही हसले. नुसती हसले नाही, तोंडावर बोलले. "गुणवंतराव, सरकारने तुम्हाला पगार कशाचा दिला हो?"

ते म्हणाले, "टेबलाचा दिला, वहिनी. रस्त्याचा कोठं दिला?" आणि हसले. कमलताई मात्र हसल्या नाहीत. त्या आपल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

होळीच्या आधी मला वर्षाच्या तिखटाची मिरची घ्यायची होती. कमलताईंचं माहेर भिवापूरचं, मिरची त्यांनी हातात घेतली की नुसत्या देठावरून सांगायच्या कोणत्या शेतातली ते. म्हणून त्या दिवशी मीही दोघांबरोबर इतवारीला निघाले. गुणवंतरावांचं मोजणं, माझी मिरची, दोन्ही कामं.

इतवारीतल्या त्या गल्लीत गुणवंतराव आदल्या दिवशीही येऊन गेले होते. वही, पेन्सिल, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, मान खाली, तोंडाने पावलं मोजणं चालू. दुकानदारांनी ओळखलं, हा रस्ता रुंद करणारा सरकारी माणूस. झालं. आम्ही पोचलो तेव्हा गल्ली ओळखू येईना. एरवी जिथून दोन माणसं अंग चोरून जातात, तिथून बैलगाडी गेली असती. रस्त्यावर आलेली भांडी आत, गुळाच्या भेल्या आत, बाहेर काढलेले तट्टे आत, ओटे पाण्याने धुतलेले. दुकानदार हात जोडून उभे. "या साहेब. बसा. चाय मागवतो. पाहून घ्या, एक बोट बाहेर नाही."

गुणवंतराव घाबरले. "मी साहेब नाई जी. मी खेळ बनवून राहिलो."

"हो हो, खेळ," दुकानदार एकमेकांकडे पाहून समजूतदारपणे हसले.

मला हसू आवरेना. मी कमलताईंना सांगायला मागे वळले, तर त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. चौकात. चार रस्त्यांच्या मधोमध. एकदा इकडे पाहत होत्या, एकदा तिकडे. गाड्या, हातगाड्या बाजूने जात होत्या आणि त्या हलत नव्हत्या. मी जवळ गेले, हात धरला. हात गार होता.

"कमलताई, चला ना. मिरची कुठल्या दुकानात घ्यायची?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग अगदी लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "मिरची कोठं गेली वं? इथं मिरची राह्यते. मिरचीपासून वळलं की घर येते."

त्या कोपऱ्यावर पन्नाशेठचं दुकान होतं. भिवापुरी मिरचीची पोती त्याच्या ओट्यावरून थेट रस्त्यावर उतरलेली असायची, ठसका लागल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. आज पोती आत होती, फळ्या अर्ध्या लावलेल्या, ओटा धुतलेला. वासही नव्हता.

गुणवंतरावांनी ते पाहिलं. वही हातातून पडली. आणि जो माणूस मेलेल्या आत्याच्या ठिपक्यांना परवानगी मागायला लावतो, तो पन्नाशेठच्या ओट्यावर चढून हात जोडून म्हणाला, "शेठ, पोते बाहेर काढा. रस्त्यावर मांडा जी. जिथं राह्यते तिथंच."

पन्नाशेठला वाटलं, साहेब पकडायला पाहतोय. "नाही साहेब, आपण कायद्यात राहतो."

"कायदा राहू द्या. माह्या बायकोले रस्ता सापडत नाई. पाया पडतो, पोते काढा."

पन्नाशेठने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा चौकात उभ्या असलेल्या कमलताईंकडे. मग त्याने स्वतः पोतं ओढलं. शेजारचा दुकानदार आला, त्याने दुसरं ओढलं. पोत्याची तोंडं उघडली, लाल ढीग रस्त्यावर आला, माझ्यासकट सगळे शिंकायला लागले. कमलताईंनी वास घेतला. माझा हात सोडला, पोत्यापाशी गेल्या, एक मिरची उचलून देठ मोडला आणि म्हणाल्या, "ही पाच शेर घ्या, बाई. ही आमच्याकडची हाय." आणि मिरचीपासून बरोबर वळल्या.

परत येताना गुणवंतराव माझ्या बाजूने चालत होते. मोजणं थांबलं होतं. ते हळूच म्हणाले, "दोन वर्सं होऊन राहिले, वहिनी. मागं बहिणीकडं जरीपटक्याले जातो म्हणून निघाली, पार दुसऱ्या टोकाले, सक्करदऱ्याले भेटली. संध्याकाळ झाली होती. तुमाले मी खोटं सांगितलं होतं, बहिणीनं ठेवून घेतलं म्हणून."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वय म्हणते." थोडं चालून म्हणाले, "तिले नकाशा वाचता येत नाई. पण खेळ येते. कवड्या हातात घेतल्या की तिचा हात भुलत नाई. म्हटलं, रोज खेळून खेळून घराचा रस्ता हातातच बसन. पण वळण तिच्या मनातलं पाहिजेन, माह्यं नाई. म्हणून इचारत होतो."

माझं बोलणं मला आठवलं. पगार कशाचा दिला.

"मग ती परवानगी?" मी विचारलं. "त्याच्यासाठी एवढे महिने कशाला घालवले हो?"

"दुसऱ्याचं न इचारता घेतलं अन् तिले चुकीच्या विहिरीवर नेलं त?" ते म्हणाले. "मग मी कोणाले तोंड दाखवू?"

खेळ गुढीपाडव्याच्या सुमारास पुरा झाला. जाड पुठ्ठा, मागे कापड चिकटवलेलं. जुना नकाशा तळाला, त्यावर नवीन गल्ल्या. एक घर म्हणजे एक चिंचोका, शंभर पावलं. साप नव्हता. चुकीच्या वळणावर गेलं तर तिथे लिहिलेलं, "मागं ये, मिरची दिसन." पन्नाशेठची पोती रस्त्यावरच काढलेली होती, लाल शाईने. आणि टेशनहून निघा की जरीपटक्याहून, दान कितीही पडो, शेवट एकाच ठिकाणी. निळं दार, तुळस, आणि ओट्यावर वाट पाहत बसलेला टोपीवाला एक माणूस, नखाएवढा.

कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. "आधार: एक, जुना नकाशा, हक्क संपलेला. दोन, स्वतःचे पाय. तीन, सर्व वळणं, सौ. कमल. विचारून घेतली."

रोज दुपारी दोघं ओट्यावर खेळायचे. कमलताई जिंकायच्या. पुढे त्यांना माझं नाव आठवेनासं झालं, मग पोरांची, तरी कवड्या टाकून त्या घरी पोचायच्या. बाहेर एकट्या जाणं तर बंदच झालं होतं. पण त्या पुठ्ठ्यावर मात्र रोज साऱ्या नागपुरात हिंडून यायच्या.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी गुणवंतरावांना म्हटलं, या खेळाची एक नक्कल काढून द्या. पोर परगावी चालली आहे, तिला घरचा रस्ता असू दे.

"वळणं माह्यी नाई," ते म्हणाले. "तिले इचारा."

कमलताई खिडकीशी बसल्या होत्या. मी पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला, विचारलं. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. बोट फिरवत फिरवत मिरचीपाशी आल्या, वळल्या, निळ्या दारापाशी थांबल्या. त्यावर हाताचा पंजा ठेवला.

"न्या न," म्हणाल्या. "सगळं न्या. पण घर राहू द्या. मले लागते."

गुणवंतरावांनी नक्कल काढली. आठ दिवस लागले. सगळे रस्ते, सगळ्या गल्ल्या, पोती. जिथे घर, तिथे कोरा चौकोन. कोपऱ्यात, "आधार: सौ. कमल. तोंडी परवानगी, घर सोडून."

दोघंही आता नाहीत. आधी कमलताई गेल्या, वर्षाच्या आत गुणवंतराव. मूळ खेळ कुठे गेला ठाऊक नाही, नक्कल माझ्या मुलीकडे आहे. परवा सुट्टीला ती घेऊन आली. नात पाच वर्षांची, कवड्या टाकत टाकत शेवटच्या चौकोनात पोचली आणि म्हणाली, "आजी, इथे काहीच नाही. मी घर काढू?" हातात पेन्सिल होतीच.

"विचारलंस का?" मी म्हटलं.

"कोणाला?"

मी बाहेर पाहिलं. शेजारच्या घराला आता पिवळा रंग आहे, ओट्यावर स्कूटर असते. मी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि कवड्या दिल्या. म्हटलं, "परत जरीपटक्याहून निघ. मिरची आली की मला सांग."